बाळीवेसकडचं ऑनलाइन कामाचं दुकान, आप्पांचा पिन आणि माझे ५ पैकी ४ स्टार

दुकानाचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगून ठेवतो. मालकाला विचारलं होतं रिव्ह्यू टाकू का म्हणून, तर म्हणाला, "टाका की, पण नाव नको ओ, आधीच बाकावर जागा नाही." आता नाव नसलेला रिव्ह्यू काय कामाचा असं म्हणाल तर खूण सांगतो. सोलापुरात बाळीवेसच्या बाजूला एक बोळ, खाली चादर-टॉवेलचं होलसेल दुकान, त्याच्या शेजारनं दोन पायऱ्या चढून दहा बाय बाराची खोली. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन कामे, एवढंच. बाहेर एक लाकडी बाक आणि त्या बाकावर कायम चार म्हातारी माणसं बसलेली. बाक दिसला की समजा पोचलात.

मी पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी हुतात्मा एक्सप्रेसनं ये-जा. घरी आप्पा आणि आई दोघंच. आप्पा ७६ वर्षांचे, पोस्टातनं रिटायर, सोलापुरातच पस्तीस वर्षं पोस्टमन होते, साखर पेठ, अशोक चौक, कुठकुठं सायकल मारली त्याचा हिशोब नाही. आई ७० ची. दोघांकडं स्मार्टफोन, दोन्ही मीच घेऊन दिलेले, त्यामुळं काही बिघडलं की शिव्या मलाच.

याआधी आम्ही दुसऱ्या एका दुकानात जायचो, कुठलं ते सोडा. तिथला पोरगा बोलायला गोड होता, वाईट अजिबात नव्हता, पण पद्धत अशी की फोनवरनं पैसे पाठवायचे असले की आप्पा काउंटरसमोर उभे, मागं सहा-सात माणसं, आणि हा स्क्रीनवरनं नजर न काढता विचारणार, "काका पिन बोला." आणि आप्पा पिन बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, आयुष्यभर दारात उभं राहून "पोस्टमन" अशी हाक मारलेला आवाज तो, तिसऱ्या मजल्यावर जाणारा. आईचं जन्मसाल होतं पिन म्हणून, रांगेतल्या सगळ्यांना आईचं वय पण कळलं असणार. वर त्या पोरानं विसरू नये म्हणून तोच पिन एका चिठ्ठीवर लिहून फोन आणि कव्हरच्या मधी घालून दिला होता, मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी दिसावा म्हणून. मी दिवाळीला आलो, फोन साफ करायला कव्हर काढलं, तर चिठ्ठी खाली पडली. आणि घरात कालनिर्णयच्या मागच्या बाजूला दुधाच्या हिशोबाशेजारी नेटबँकिंगचा पासवर्ड.

लई चिडलो मी. तासभर लेक्चर दिलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लपवायला काय हाय बे त्यात, चार हजार रुपये हायत."

आता गंमत बघा. हाच माणूस पेन्शन किती येते ते सख्ख्या मेव्हण्याला सांगत नाही. "चाललंय पोटापुरतं" एवढंच. पाव्हणे यायच्या आधी शुगरच्या गोळ्यांचा डबा कपाटात जातो. हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, आता पोस्टमन घरी येऊन काढून देतात, पोस्ट पेमेंट बँकेची सोय आहे, ७० रुपयात. म्हटलं आप्पा घरबसल्या होतंय की, तुमच्याच खात्याचा माणूस येईल. तर उसळलेच. "माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं माझ्या घरात बसून माझा पेन्शनचा पीपीओ नंबर टाकणार? माझं पेन्शन बघणार?" झालं, बात खतम. म्हणजे लपवायचं नाही असं काही नव्हतं, कुणापासनं लपवायचं याची त्यांची यादी माझ्या यादीपेक्षा वेगळी होती. माझ्या यादीत कंपन्या, हॅकर, झारखंडातनं फोन करणारी टोळकी. त्यांच्या यादीत मेव्हणा, समोरच्या घरातल्या काकू, जुना ज्युनियर. कंपनीला त्यांचं पेन्शन कळलं तर कंपनी काय लग्नात भेटून टोमणा मारणार आहे का?

आईचं तर अजून वेगळं. "मी फोनमध्ये पैसे ठेवत नाही" हे तिचं ठाम धोरण, भिशीचे पैसे रोख, पदराला गाठ मारून, वीस वर्षं त्याच बायकांची भिशी, कधी एक रुपया इकडं तिकडं झाला नाही. पण तुळजापूरला निघाली की घराला कुलूप लावल्याचा फोटो स्टेटसला, खाली लिहिलेलं "आई राजा उदो उदो, दोन दिवस दर्शनाला". आणि स्टेटस दिसणार कोणाला, तर तिच्या फोनमध्ये ज्यांचा नंबर सेव्ह आहे आणि ज्यांच्याकडं तिचा नंबर सेव्ह आहे त्या सगळ्यांना. तिच्या यादीत तीन वर्षांपूर्वी फरशी बसवायला आलेला माणूस, गॅसवाला, एक "मिक्सर रिपेअर" आणि एक "माहित नाही" असे पण आहेत.

लोक म्हणतात म्हाताऱ्यांना प्रायव्हसीचं काय पडलंय. मला एक गोष्ट कळल्यापासनं मी असं म्हणायचं सोडलंय. आपल्या देशात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, २४ ऑगस्ट २०१७ ला, तो ज्यांच्या नावानं ओळखतात ते पुट्टस्वामी, शेजारच्या कर्नाटकातले हायकोर्टाचे रिटायर जज्ज. २०१२ ला आधारच्या विरोधात याचिका टाकली तेव्हा त्यांचं वय ८६. आम्ही तरणी पोरं मात्र कुठलं पण ॲप टाकताना खाली न बघता "ॲग्री" दाबत होतो.

असो, दुकानाकडं येतो.

पहिल्यांदा गेलो ते आधारची झेरॉक्स काढायला, सिमकार्डसाठी. साधं काम. मालक साधारण माझ्याच वयाचा, चाळिशीच्या आतला. आप्पांनी आधार कार्ड दिलं, त्यानं झेरॉक्स काढली, आणि देण्याआधी पेन घेऊन झेरॉक्सवर आडवं लिहिलं, "फक्त सिमकार्डसाठी", खाली तारीख, आणि आप्पांना म्हणाला, "काका इथं सही मारा." मी बघतच राहिलो. मग म्हणाला पुढच्या वेळी मास्क आधार काढून देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, बऱ्याच ठिकाणी तेवढं चालतं. पाच रुपये झाले. एक प्रिंट तिरकी आली होती, ती त्यानं चार तुकडे करून बादलीत टाकली. हे मी मुद्दाम सांगतोय कारण एकदा एका गाड्यावर भजी खाताना हातातल्या कागदावर कुणाचा तरी दाखल्याचा अर्ज निघाला होता, नाव, गाव, मोबाईल नंबर सगळं तेलात भिजलेलं. वाया गेलेल्या प्रिंटा रद्दीत जातात आणि रद्दी कुठं जाते ते आपल्याला माहिती आहेच.

पिनचं इथं कसं आहे ते सांगतो, हेच मला सगळ्यात आवडलं. काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात एक जुना पुठ्ठ्याचा खोका उभा करून ठेवलाय, तीन बाजू बंद, एक उघडी, टॉवेलच्या पॅकिंगचा खोका असणार, बाजूला छापील अक्षरं अजून आहेत. पिन टाकायची वेळ आली की मालक फोन त्या खोक्यात ठेवतो, म्हणतो "काका आता तुमचं काम" आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसतो. खरंच बसतो. भिंतीवर सिद्धरामेश्वरांचा फोटो आहे, त्याच्याकडं बघत. आप्पांना चार आकडे टाकायला पाऊण मिनिट लागतं, कधी चुकतो, मागची माणसं चुळबुळ करतात, पण तो फिरत नाही. एकदा एक बाई म्हणाली, "तूच टाक की बाळा, मला दिसत नाही, पिन सांगते." तर म्हणाला, "मावशी मला सांगू नका, मला सांगितलं तर उद्या पैसे गेले की तुम्हाला माझाच डाऊट येईल, आणि मला रात्री झोप येणार नाही." बाई हसली, चष्मा काढून पुसला, आणि टाकला तिनं.

आप्पांना हे पटलं त्याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. त्या काळी विडी वळणाऱ्या बायका, मिलमधली माणसं, कित्येकांना वाचता यायचं नाही, पोस्टमनच पत्र वाचून दाखवायचा. त्यात तेलुगू बोलणारे बरेच, आप्पा मोडकं तोडकं तेलुगू पण त्यातच शिकले. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाचा नवरा पैसे पाठवायचा बंद झालाय, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलंय, सगळं त्यांना माहिती. आणि मनीऑर्डर, रोख पैसे दारात मोजून द्यायचे, अंगठा असेल तर शेजारचा साक्षीदार. पाकीट फोडलं तर शिक्षा, १८९८ चा कायदा होता तो, आप्पांना आजही कलमासकट तोंडपाठ. पण पोस्टकार्ड उघडंच असतं, ते कुणीही वाचू शकतं, "वाचायचं, पण विसरायचं" असं आप्पा म्हणतात. मी कितीदा खोदून विचारलं, एक पण किस्सा नावासकट सांगितला नाही कधी.

तर एक दिवस दुकानात बसल्या बसल्या आप्पांनी विचारलं, "मालक, मला एक सांगा, व्हॉट्सॲप म्हणजे पोस्टकार्ड का पाकीट?"

मी दहा वर्षं आयटीत आहे, मला हा प्रश्न कधी सुचला नाही. मालकानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पाकीट हाय काका. आतलं मधी कुणाला वाचता येत नाही. पण पाकिटावरचं नाव, पत्ता, कुणी कुणाला कधी पाठवलं, ते कंपनीला दिसतंय."

"मग एसएमएस?"

"ते पोस्टकार्ड."

"आणि पिन?"

"पिन म्हणजे मनीऑर्डरच्या फॉर्मवरची तुमची सही. पैसे देताना लागतो. घेताना लागत नाही. पैसे यायलेत म्हणून कुणी पिन टाका म्हणलं तर समजायचं उलटं चाललंय, पैसे जायलेत."

आप्पांनी मान हलवली, तेवढ्यावर विषय संपला. त्यानंतर आईचं जन्मसाल बदललं गेलं, कव्हरमधली चिठ्ठी गेली, कालनिर्णयवर काळं पेन फिरवलेलं दिसलं. माझ्या तासाभराच्या लेक्चरनं झालं नाही ते. मला जरा रागच आला खरं सांगू का.

आता माझीच फजिती सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं आप्पांचंच चुकतंय. मागच्या वर्षी कुठंतरी वाचलं की आधारच्या बोटाच्या ठशावरनं खात्यातनं पैसे काढायच्या भानगडी होतात, म्हणून मी पुण्यात बसून आप्पांचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. आधारला मोबाईल नंबर माझाच होता, कारण कार्ड काढलं तेव्हा आप्पांकडं मोबाईल नव्हता, त्यामुळं ओटीपी मलाच, काम दोन मिनिटात. आप्पांना सांगितलं नाही, आणि मग मी पण विसरलो. नोव्हेंबर आला, हयातीच्या दाखल्याचा महिना, आप्पा एकटेच दुकानात गेले. बाक फुल्ल. ८० च्या वरच्यांना एक ऑक्टोबरपासनं काढता येतो ते बरंय, नाहीतर नोव्हेंबरात त्या बाकाचं काय झालं असतं. आप्पांच्या आधी एक तेलुगू पद्मशाली समाजाच्या मावशी होत्या, आयुष्यभर विड्या वळून बोटं अशी गुळगुळीत की मशीनवर ठसाच उमटंना, तीनदा पुसून झालं, मग मालकानं त्यांना मोबाईलवर चेहऱ्यानं करून दिलं, डोळ्यांची उघडझाप करायची आणि झालं. मावशी एवढ्या खूश झाल्या की पिशवीतनं शेंगा काढून सगळ्यांना वाटल्या.

मग आप्पांचा नंबर. चेहरा लावला, नाही. परत लावला, नाही. आप्पा घाबरले, म्हणाले, "सरकारच्या हिशोबी मी गेलो का काय?" मालकानं स्क्रीनवरचा आकडा बघितला, ३३०, आणि मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये. "दादा, आप्पांचं आधार तुम्ही लॉक केलंय का?" बोट लॉक केलं की चेहरा पण लॉक होतो हे मला आठवणीतच नव्हतं. मी म्हटलं थांबा थांबा, तुम्ही तिथनं उघडा, ओटीपी माझ्याकडं येईल, मी लगेच सांगतो.

बोललो आणि फोनवर दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "मला ओटीपी सांगू नका ओ. तुम्हीच तिथनं अनलॉक करा, मी थांबतो." ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, बँकेच्या मॅनेजरला पण नाही, साक्षात मला पण नाही, हे वाक्य मी आप्पांना किती वेळा ऐकवलंय, आणि मागनं आप्पांचं हसणं मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं. दाखला निघाला. पन्नास रुपये. सत्तर रुपयात घरी आला असता, पण ते सोडा.

त्याच आठवड्यात मालकानं आप्पांना सांगितलं की आधारला तुमचाच नंबर लावून घ्या, आधार केंद्रात जाऊन, आणि बँकेत पण, तिथं पण माझाच होता. मला हे आवडलं नाही. म्हणजे तोंडानं हो म्हटलं, पण आतनं आवडलं नाही. कारण बँकेचा प्रत्येक मेसेज मला यायचा, आप्पांनी दोन हजार काढले की पुण्यात माझा फोन वाजायचा, आणि मी लगेच फोन करायचो, "आप्पा, काल दोन हजार कशाला लागले?" मला वाटायचं मी काळजी घेतोय. आप्पा काहीतरी सांगायचे, औषध, लाईट बिल, असं. नंबर बदलून आले त्या दिवशी संध्याकाळी पहिला मेसेज त्यांच्या फोनवर वाजला, त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "चला, आता माझं पत्र माझ्या पत्त्यावर." आईनं मला फोनवर सांगितलं हे. मी काही बोललो नाही त्यावर.

अजून एक प्रसंग, हा माझ्यासमोर घडलेला. शनिवार होता, दुपारी गर्दी कमी. आप्पांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले, रिटायर मास्तर, एरवी एकदम टापटीप, त्या दिवशी शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. एका कानात वायर. म्हणाले, एफडीच्या पावत्यांचे फोटो काढून पाठवायचेत, अर्जंट. मालक पावती हातात घेणार तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या फोनकडं त्याचं लक्ष गेलं, कॅमेरा वर काढलेला, कॉल चालू. त्यानं काही विचारलं नाही. एक कोरा कागद ओढला, पेननं लिहिलं, "कोण आहे फोनवर?" आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. मास्तरांनी थरथरत्या हातानं लिहिलं, "मुंबई पोलीस. कुणाला सांगायचं नाही." मालकानं त्यांच्या खिशातनं फोन काढला, कॉल कट केला, फोन बंद करून उलटा ठेवला. मास्तर ओरडलेच, "अहो काय केलंत, मला अटक करतील." त्यांना बसवलं, पाणी दिलं. सकाळी नऊपासनं कॉल चालू होता, पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय म्हणून. डिजिटल अरेस्ट. असली अटक कायद्यात कुठंच नाही, व्हिडिओ कॉलवर ना पोलीस अटक करत ना सीबीआय, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवर सांगितलं, फोन लावला की अमिताभच्या आवाजात टेप वाजायची ती पण सावध करायलाच. मास्तरांनी दोन्ही ऐकलेलं होतं. पण त्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली होती, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आडवी सही.

मी म्हटलं एवढा शिकलेला माणूस, पेपर वाचणारा. तेव्हा आप्पा म्हणाले, "तू तार बघितली नाहीस. तार आली की लोक आधी रडायचे, मग वाचायचे." तार २०१३ ला बंद झाली, पण सरकारी कागद दारात आला की पोटात गोळा येणारी ती पिढी अजून आहे की. शिक्का खोटा असू शकतो हे त्यांना माहिती असतं, पण शिक्का दिसल्यावर आधी हात जोडले जातात. मालकानं तिथनंच १९३० ला फोन लावून दिला, मास्तरांना स्वतः बोलायला लावलं. पैसे गेले नव्हते, नशीब. गेले असते तर हा फोन लगेच लावायचा, आणि बँकेला पण तेव्हाच कळवायचं, कारण रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की पिन-ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेनं दोन दिवस गप्प बसलं की ते दोन दिवस आपल्या खिशातनं. मास्तर पण गप्पच बसणार होते. जाताना म्हणाले, "घरी सुनेला कळू देऊ नका." मालक म्हणाला, "माझ्याकडनं नाही कळणार." मी तिथंच होतो, माझ्याकडं पण त्यानं नुसतं बघितलं. मी इथं मास्तरांचं अजून काही लिहीत नाही ते त्यामुळंच.

आता तक्रारी, कारण ४ स्टार दिलेत, ५ नाहीत.

एक म्हणजे दुकानाचा वेळ. पाणी यायच्या दिवशी दुकान कधी उघडेल ते सिद्धेश्वरालाच माहिती. आता सोलापुरात रोज कुठं पाणी येतं, घरचं भरल्याशिवाय तो तरी कसा येणार, पण दारावर पाटी तरी लावावी, म्हातारी माणसं उन्हात येऊन परत जातात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत तर चार-पाच दिवस बंदच, तेवढ्यात काम अडलं तर अडलं. आतमध्ये पंखा एकच आणि तो प्रिंटरकडं वळवलेला, एप्रिल-मे मध्ये आत उभं राहून दाखवा.

पण खरी तक्रार वेगळी आहे आणि ती मी त्याला तोंडावर सांगितली. एवढं सगळं सांभाळणारा माणूस, पण लोकांची कागदपत्रं घेतो कशी, तर दुकानाच्या व्हॉट्सॲपवर. "काका फोटो ह्या नंबरवर टाका." ते व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडं, आणि सगळं जातं डाउनलोड फोल्डरमध्ये. एक दिवस त्यानं तो फोल्डर उघडला माझ्यासमोर, आप्पांची फाईल शोधायला, आणि खाली सरकवत गेला, सरकवत गेला, आधार, पॅन, पासबुक, कुणाचा लग्नाचा फोटो, कुणाचा एक्सरे, निम्म्या बाळीवेसेचे चेहरे एका रांगेत. मी म्हटलं हा कॉम्प्युटर चोरीला गेला तर? फॉरमॅटला दिला तर? त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "लक्षातच नाही आलं ओ, परत परत तीच माणसं येतात, परत मागायला नको म्हणून ठेवतो." खोटं नाही बोलला. परत मागितलं की म्हातारी माणसं घरी जाऊन तीन तास शोधतात हे पण खरं. पुढच्या वेळी गेलो तर सांगत होता, आता रोज रात्री शटर ओढायच्या आधी फोल्डर रिकामा करतो. मी फोल्डर उघडायला लावला. सव्वीस फाईली होत्या, सगळ्या त्याच दिवशीच्या. रिसायकल बिन मात्र तुडुंब. ते पण रिकामं करायचं असतं हे त्याला तेव्हा कळलं. अर्धा स्टार तिथं गेला आणि अर्धा पंख्याला.

आता शेवटचं, आणि हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

नंबर बदलल्यावर मला आप्पांच्या खात्याचं काही कळायचं बंद झालं. आई एकदा सहज म्हणाली, दर महिन्याच्या पाच तारखेला आप्पा त्या दुकानात जातात, पाऊस असो ऊन असो, पैसे पाठवायला. कुणाला, तिला माहिती नाही, ती विचारत नाही. माझ्या डोक्यात लगेच किडा. कुणी फसवत असेल तर? कुठली लॉटरी, कुठला महाराज, कुठली तरी बाई फोनवर गोड बोलून दर महिन्याला पैसे मागत असेल तर? रोज पेपरात तेच वाचतो. मग मी आप्पांना न सांगता दुकानात गेलो. एकटाच. मालकाला म्हटलं, बघा, मी त्यांचा मुलगा, तुम्ही मला ओळखता, आप्पा पाच तारखेला कुणाला पैसे पाठवतात तेवढं सांगा, बाकी काही नको.

तो लॅमिनेशन करत होता. मशीनमधनं कार्ड बाहेर आलं, त्यानं ते कडेनं कात्रीनं कापलं, सावकाश, कोपरे गोल केले, आणि मग म्हणाला, "फसवणूक नाही एवढं सांगतो. मी पहिल्या महिन्यालाच विचारून घेतलं त्यांना, खात्री केली. बाकीचं तुम्ही त्यांनाच विचारा की."

मी म्हटलं अहो मी मुलगा आहे.

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. "दादा, उद्या तुमच्या आप्पांनी येऊन मला विचारलं, पोरगा पुण्यात काय करतो ते बघून सांग, तर सांगू का मी?"

मला राग आला होता, लपवत नाही. पायऱ्या उतरताना डोक्यात चालू होतं की हा कोण लागून गेला, दहा बाय बाराच्या खोलीतला झेरॉक्सवाला. संध्याकाळी हुतात्मा नव्हती, सकाळची होती, रात्री घरीच होतो. जेवताना आप्पांकडं बघत बसलो. कडक भाकरी चुरून त्यावर आमटी ओतून खात होते, शांतपणे. विचारलं नाही मी. अजून विचारलेलं नाही. रेटिंग टाकायला बसलो तेव्हा आधी ३ दिले होते, मग ४ केले.

जायचं असेल तर सकाळी साडेदहानंतर जा, आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत न्या, चार्ज करून न्या, सुट्टे पैसे न्या. आणि आई-वडलांना घेऊन जाणार असाल तर तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तो बसायलाच सांगतो.